जिन्याखालची बाई

लोकांना घाबरवायचं असेल तर आधी आपण तोंड मिटायला हवं, ही अक्कल आमच्या ह्यांना मी दिली. हे मात्र जन्मभर ती स्वतःची म्हणून सांगत फिरले. जाऊ द्या. भांडायला आता ते नाहीत आणि मलाही पूर्वीइतका दम राहिलेला नाही.

आमचा फिरत्या सिनेमाचा तंबू होता. तेव्हा नंदुरबार, शहादा, तळोदा हा सगळा मुलूख धुळे जिल्ह्यात मोडायचा. कापूस वेचून झाला की आम्ही निघायचो. एक ट्रक, त्यात तंबूचं कापड, बांबू, मशीन, डिझेलचं इंजिन, आणि उरलेल्या जागेत मी. आधी शहादा, मग प्रकाशा, मग होळीच्या तोंडावर तळोदा, कारण सातपुड्यातल्या काठी गावच्या होळीला निघालेली डोंगरातली माणसं त्या बाजारात उतरत. मशीन हे चालवत, तिकिटं फाडायला दोन गडी होते, आणि बायांच्या दाराशी मी बसायची.

बायांचं दार वेगळं, कारण बाया बसायच्याच वेगळ्या. आमच्याकडे पडदा तंबूच्या मधोमध टांगलेला असे. पुढच्या बाजूला पुरुष, मागच्या बाजूला बाया. कापड पातळ, चित्र आरपार उमटायचं, म्हणून मागूनही सिनेमा दिसे, फक्त उलटा, आरशात दिसतो तसा. उजवं ते डावं, डावं ते उजवं. नायक डाव्या हातानं जेवायला लागला की नव्या बाया नाकं मुरडायच्या, जुन्या त्यांना गप्प करायच्या. पाट्यांवरची अक्षरंही उलटी दिसत, पण वाचणाऱ्या होत्या किती! कुणी कधी तक्रार केली नाही.

खेळ सुरू व्हायच्या आधी पुढच्या खेळाचा ट्रेलर दाखवायचो. ट्रेलर हा शब्द ह्यांच्या तोंडी, लोक त्याला 'तुकडा' म्हणत. भुसावळच्या सिनेमा-कचेरीतून रिळांच्या पेट्या येत, त्यातच तो असे. त्यातलं हिंदी निम्म्या लोकांच्या डोक्यावरून जाई, म्हणून हे सिनेमाचा आवाज बारीक करून भोंग्यावर स्वतः अहिराणीत बोलायचे. देवाचा खेळ असला की गळा काढून, मारामारीचा असला की छाती फुगवून. इतकं बोलायचे की तुकडा पाहिल्यावर खेळ पाहायची गरजच उरू नये.

त्या वर्षी शहाद्याला एका वेगळ्याच खेळाचा तुकडा आला. भूत नाही, डाकू नाहीत. एक मोठं घर, त्यात एक भला माणूस, आणि त्या माणसाला सारखं वाटतं की घरात आणखी कुणीतरी आहे. लांबच लांब बोळ दिसतो. खिडकी बंद आहे आणि पडदा हलतोय. एक खुर्ची झुलतेय, तिच्यात कुणी नाही. मग जिना. जिन्याखाली एक मोलकरीण पाठमोरी उभी, हातात कंदील. ती वळायला लागते आणि मागून तिच्या खांद्यावर एक हात पडतो. तिचा चेहरा डोळा लवेपर्यंत दिसतो, की लगेच पडदा पांढरा.

पहिल्या संध्याकाळी ह्यांनी त्याची पार माती केली. "देखा, देखा, आते हात येई ऱ्हायना," असं भोंग्यावर ओरडले. बाया खुदखुदल्या, एकीनं तर हाताची नक्कल करून शेजारणीला चिमटा काढला. ट्रकच्या मागं आमची चूल होती, तिथं मी ह्यांना चांगलं झापलं. अहो, हात येतोय हे तुम्हीच आधी सांगितलं तर तो आला काय नि न आला काय? जिना दिसला की गप्प बसा. काही बोलू नका, काही विचारू नका. ह्यांनी रागानं भाकरी अर्धी टाकली. पण दुसऱ्या दिवशी केलं तसंच.

एकदा गोडी लागल्यावर मग हे थांबतात कसले! तुकडा सुरू व्हायच्या आधी गड्यांना पेट्रोमॅक्सचे दिवे एकेक करून बाहेर न्यायला लावलं, शेवटचा बायांच्या बाजूचा. बोलायचे ते अगदी हळू, शेजारच्याच्या कानात सांगावं तसं, आणि फक्त घराबद्दल. जिना आला की बोलणं बंद, पण भोंगा चालूच ठेवायचा. मग बाहेरच्या इंजिनाची धडधड भोंग्यातून आत शिरायची. ती कायमच असायची, एरवी कुणाचं लक्ष जात नसे. आता लोकांना वाटे की ती त्या घरातलीच आहे. हात पडला, पडदा पांढरा झाला, तरी दिवे लगेच आणायचे नाहीत. अंधार नकोसा होईपर्यंत थांबायचं. लेकरं रडायला लागली, कुणीतरी खाकरलं, की मग ह्यांचा एकच सवाल: "हात कोना शे?" हात कुणाचा, एवढंच, आणि खेळाचा वार. बस्स.

दिवसा भोंग्याची बैलगाडी कळसाडीपर्यंत फिरायची. तिच्यावरच्या पोस्टरला ह्यांनी गोणपाट गुंडाळलं आणि फाडून भोक पाडलं ते फक्त तो हात दिसेल एवढं. गाडी गावातून गुपचूप जायची, काही न ओरडता. पोरं मागं लागत, म्हाताऱ्या दारं लावून घेत. तंबूत कडेला बसायला कुणी तयार होईना, सगळ्या बाया मधोमध एकमेकींना चिकटून. मला मजा वाटायची, खोटं कशाला बोलू.

त्याच दिवसांत ती मावशी यायला लागली. तापीकाठच्या गावातली, कापूस-केळीची चांगली शेती असलेल्या घरातली. गावातल्या बायांच्या गाडीतून यायची. तिकीट पूर्ण खेळाचं घ्यायची, तुकडा बघायची आणि खेळ सुरू झाला की बाहेर येऊन, गाडी परत निघेपर्यंत माझ्याजवळ बसून राहायची. मला वाटलं, पडद्याचा उजेड डोळ्यांना सोसत नसेल. पण मग माझ्या लक्षात आलं की हात पडला की बाकीच्या बाया तोंडावर पदर घेतात आणि ही एकटी पुढं सरकते.

एका संध्याकाळी ती अशीच बाहेर आली आणि तिनं माझं मनगट धरलं.

"ती कंदीलवाली मन्ही पोर शे," ती म्हणाली. माझी पोर.

तिच्या पोरीची गोष्ट मला ठाऊक होती. बायांच्या दाराशी बसलं की पंचक्रोशीतलं काही कानावर आल्यावाचून राहत नाही. पोरगी दोन वर्षांपूर्वी परजातीच्या एका ट्रक ड्रायव्हरबरोबर निघून गेली होती. दोघा भावांनी इंदूरपर्यंत शोध घेतला, सापडली नाही, तेव्हा तिच्या नावानं आंघोळ करून मोकळे झाले. घरात तिचं नाव काढायची बंदी होती. थोरल्या भावानं भर चावडीवर सांगितलं होतं की जिथं दिसेल तिथं तिची खांडोळी करीन. तो वायफळ बोलणारा नव्हता, ही गोष्ट सगळं गाव जाणून होतं.

मी मावशीला समजावलं की चेहऱ्यासारखे चेहरे असतात. शिवाय तिच्याच गावातल्या बायांनी ह्या गोष्टीचा माझ्या दारात निकाल लावला होता. तोंडवळा आपल्या पोरीचाच, पण आपलीच्या उजव्या गालावर मोठा तीळ होता आणि हिच्या डाव्या गालावर आहे, म्हणजे ही वेगळी. तिची चुलत जाऊ तर येईल त्या बाईला थांबवून हे सांगत होती. मी तेच मावशीला सांगितलं, तिला बरं वाटावं म्हणून.

तिनं विचारलं, मागून उलटं दिसतं ना? मी हो म्हटलं, आणि म्हणता म्हणता मला उमगलं. मागून डावा, म्हणजे पुढून उजवा. पुढं पुरुष बसतात. तिला हे माझ्या आधी कळलं होतं, तिला फक्त कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं.

"मंग तो हात कोना शे वं?"

रोज भोंग्यावरून ऐकलेलाच सवाल. सगळा तालुका तो एकमेकांना विचारत होता, हसत, डोळे मोठे करत. आता ती तो मला विचारत होती. मला ठाऊकच नव्हतं. ह्यांनाही नव्हतं, कारण खेळाची पेटी यायची होती आणि आमच्याकडे होता तो फक्त तुकडा. मावशीला सिनेमा म्हणजे काय ते कळत नव्हतं असं नाही. पण आपली पोर दोन वर्षांनी दिसते, आणि दिसते तेव्हा तिच्या मागं कुणीतरी उभं असतं, हे रोज बघणाऱ्या आईला काय सांगणार?

त्या रात्री मी ह्यांना म्हटलं, तो तुकडा बंद करा. ह्यांनी ऐकलं नाही. म्हणाले, आता अचानक बंद केला तर लोक का म्हणून विचारतील, आणि ज्यांनी विचारू नये तेही विचारतील. बरोबर होतं त्यांचं, म्हणून मला आणखीच संताप आला. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तुकडा चालूच राहिला. पेट्रोमॅक्स एकेक करून बाहेर जायचे, भोंग्यातून धडधड यायची, आणि जी शांतता मी ह्यांना शिकवली होती ती आता माझ्याच अंगावर यायची. मी दाराशी बसून कानात पदर कोंबायची.

मग एका संध्याकाळी हे मशीन सोडून माझ्याकडे आले. एरवी खेळ चालू असताना कधी यायचे नाहीत. म्हणाले, काल दोन जण आले होते. बसले नाहीत. मशीनजवळ हाताची घडी घालून उभे राहिले, तुकडा पाहिला आणि गेले. आज पुन्हा आले, पुन्हा उभेच. ह्यांना म्हणाले, ती बाई पुन्हा दाखव. ह्यांनी सांगितलं, दाखवता येत नाही. मग त्यांनी विचारलं, ह्या सिनेमातल्या बाया राहतात कुठं? हे म्हणाले मुंबईत असतील, आपल्याला काय माहीत. मग कुणाला माहीत असेल? ह्यांच्या तोंडून निघून गेलं की फार तर भुसावळच्या कचेरीत कुणी सांगेल.

"भुसावळ काही दूर नही," थोरला म्हणाला म्हणे, आणि दोघं गेले.

ते भुसावळला लगेच गेले नाहीत, एवढाच आमचा आधार. डोळा लवेपर्यंत दिसलेल्या चेहऱ्यावर त्यांचा भरवसा बसेना. खेळ आइतवारी लागणार होता. त्यात ती बाई नीट दिसेल, आणि आईला बरोबर नेलं तर खात्रीच होईल, असं त्यांनी ठरवलं. हे मला मावशीनंच सांगितलं, शनिवारी, अगदी साध्या आवाजात. पोरं म्हणतात, माय वळखी. आई ओळखेल.

आइतवारी दिवेलागणीलाच तंबूपुढं गाड्यांची रांग लागली. तापीकाठची गावंच्या गावं आली होती, सगळ्यांना तो हात कुणाचा ते बघायचं होतं. ते दोघं आईला मधे घेऊन आले. मावशी सवयीनं माझ्या दाराकडे वळली तर थोरल्यानं तिला अडवलं. म्हणाला, मागं उलटं दिसतं, ती आमच्याजवळ पुढं बसेल. मी म्हटलं, पुरुषांत बाई बसवायची रीत नाही, मी बसू देणार नाही. त्यानं माझ्याकडे नुसतं पाहिलं. मावशी म्हणाली, बसते मी. मग मीच तिला हाताला धरून पुढं नेलं. दोन लेकांच्या मधे ती बसली आणि मी बांबूला टेकून बाजूला उभी राहिले. माझं दार त्या दिवशी कुणी सांभाळलं, मला आठवत नाही.

खेळ लांबलचक. बोळ आला, झुलती खुर्ची आली, तो भला माणूस घरभर फिरत राहिला. लोक हाताची वाट बघत होते. मोलकरीण एकदा स्वयंपाकघरात लांबून दिसली, डोक्यावर पदर, कळलं काहीच नाही. धाकटा गुडघ्यावर पुढं झाला. थोरला हलला नाही. मग जिना आला. कंदील आला. अख्ख्या तंबूत कुणी खोकलंसुद्धा नाही. ती वळायला लागली आणि खांद्यावर हात पडला.

हात घरातल्या म्हाताऱ्या आचाऱ्याचा होता. ती किल्ल्या विसरून आली होती, त्या द्यायला तो मागून आला होता. ती दचकली, मग त्याला रागावली, आणि मग हसली. अख्खा चेहरा, दाराएवढा मोठा, सरळ आमच्याकडे बघून हसला. उजव्या गालावर तीळ. सगळा तंबू हसला, शिट्ट्या झाल्या, लोकांना हायसं वाटलं. त्या हसण्यात तिघं जण तेवढी गप्प बसली होती.

"माय, तीळ," धाकटा म्हणाला.

थोरल्यानं पडद्याकडे बघणं सोडलं. तो आईच्या तोंडाकडे बघत होता. मीही तिकडेच बघत होते. पडद्यावर पुढं काय झालं ते मला आजही माहीत नाही.

मावशीनं पदर सारखा केला. पडद्यावरची बाई जाईपर्यंत तिनं तिच्याकडे पाहून घेतलं, घाई केली नाही. मग म्हणाली, "मन्ही पोरना तीळ डावा गालवर व्हता."

धाकटा म्हणाला, उजव्या ना? तिनं त्याला विचारलं की लहानाची मोठी होईपर्यंत तिला न्हाऊ कोण घालत होतं, तू का मी? त्यानं थोरल्याकडे पाहिलं, थोरल्यानं त्याच्याकडे. दोघांनाही सांगता येईना. एका घरात वाढले, रोज तिच्या हातची भाकरी खाल्ली, तिला मारायला इंदूरपर्यंत जाऊन आले, आणि बहिणीचा तीळ कुठल्या गालावर होता ते एकालाही आठवेना. मला इतकी चीड आली की वाटलं, दोघांच्या दोन कानाखाली द्याव्यात. आणि त्याच वेळी देवाचे आभारही मानत होते.

पण थोरला तेवढ्यावर सोडणारा नव्हता. मध्यंतर झालं तसा तो उठला आणि आईला घेऊन सरळ बायांच्या दाराशी आला. त्यानं त्या चुलत काकूला बाहेर बोलावलं. तीच, आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला 'आपलीचा उजवा, हिचा डावा' असं ऐकवणारी. मी मागोमाग येऊन दाराशी उभी राहिले होते. हिनं खरं सांगितलं की सगळं संपलं. मला खुणावताही येईना, कारण तो माझ्याकडे तोंड करून उभा होता.

त्यानं काकूला विचारलं, पुढून बघितलं तर ह्या बाईचा तीळ उजव्या गालावर आहे, आपल्या पोरीचा कुठल्या गालावर होता?

काकूच्या हातात शेंगांचा पुडा होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्या मागं उभ्या असलेल्या मावशीकडे पाहिलं. मावशी काहीच करत नव्हती, नुसती उभी होती. काकूनं एक शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले.

"डावा," ती म्हणाली.

तिच्या मागं त्या गावातल्या चार-पाच बाया उभ्या होत्या. सगळ्यांनी आठवडाभर तिचं बोलणं ऐकलेलं होतं, सगळ्यांना खरं माहीत होतं. त्यांच्यातल्या एका म्हातारीनं मान हलवली, हो, डावाच, म्हणाली, आणि बाकीच्या आत जाऊन आपापल्या जागी बसल्या. त्या बायांशी माझं रोज कशावरून तरी वाजायचं. त्या दिवशी मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

थोरला थुंकला. म्हणाला, फुकट दिवस गेला, गाडी जुंप. पुढचा खेळ बघायची त्याला गरज नव्हती. मावशीला होती, हे मला दिसत होतं. अजून अर्धा खेळ बाकी होता, त्यात ती पोर पुन्हा येणार होती, बोलणार होती. पण तिनं थांबते म्हटलं नाही. आता थांबली असती तर सगळं उघडं पडलं असतं. उद्या येणंही बंद, परवाही. तिला ते कळत होतं आणि ती निघाली.

भाऊ बैल जुंपायला गेले. आत घंटा झाली, दिवे बाहेर न्यायला लागले. मावशी माझ्याकडे आली आणि पाणी मागितलं. मी माठातून पेला भरून दिला. तिनं तो हातात धरला, प्याली नाही. आतून पोरीचा आवाज आला, ती कुणाला तरी जेवायला बोलावत होती. मावशी ते संपेपर्यंत ऐकत राहिली.

"अंगमा भरनी शे ना वं जराशी?" तिनं मला हळूच विचारलं.

मी म्हटलं, हो मावशी, चांगली भरलीय अंगानं. खाऊनपिऊन सुखी दिसतेय.

तिनं मान डोलावली. मग पाणी प्याली, पेला माझ्या हातात परत दिला आणि गाडीत दोघा लेकांच्या मधे जाऊन बसली.